डॅशंडला मागावर नेणारी शाळा : बव्हेरियातल्या एका कोर्सबद्दल

जर्मनीत राहत असाल आणि घरात डॅशंड, म्हणजे आखूड पायांचं, लांब पाठीचं कुत्रं असेल, तर त्याच्यासाठी नवं स्वेटर किंवा मऊ गादी घेण्याआधी वासावरून माग काढायच्या कोर्सला नाव घाला. आम्ही आमच्या डॅशंडला, बंड्याला, घेऊन अख्खा हंगाम केला आणि पुढच्या हंगामालाही नाव दिलंय. गटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मोजकी माणसं आपला फावला वेळ काढून तो चालवतात आणि तिथे आधीच जागा पुरत नाहीत. डॅशंडवाल्यांचे असे स्थानिक गट जर्मनीभर आहेत. त्यामुळे इथे लिहिलेलं बरंचसं तुमच्या जवळच्या गटालाही लागू पडेल.

कोर्स भरतो ऑग्सबुर्गच्या पश्चिमेकडच्या जंगलात. स्प्रूस आणि बीचची दाट झाडी, मधूनमधून मक्याची शेतं. एप्रिल ते सप्टेंबर, एक शनिवार सोडून एक, सकाळी सात वाजता. हंगामाची फी १२० युरो. एका तुकडीत सहाच कुत्री घेतात. शिकवणारे दोघं जण आहेत, एक निवृत्त वनाधिकारी आणि प्राण्यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एक बाई. शिकारीचा परवाना नसला तरी सरावाला घेतात. आम्हां नवराबायकोंकडे तो नाही आणि आम्हांला काढायचाही नाही.

बंड्या तीन वर्षांचा, राठ केसांचा, नऊ किलोंचा. रंग रानडुकरासारखा करडा-तपकिरी. भुवया आणि दाढी पाहून आमची आई व्हिडिओ कॉलवर त्याला ‘मास्तर’ म्हणते. घरात तो गोड आहे, पण पहिल्या वर्षी बागेतल्या गवताची त्याने वाट लावली, शेजारच्यांच्या मांजरीवर तासन्‌तास पाळत ठेवली, आणि जिन्यात पाऊल वाजलं की असा भुंकायचा की खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन चौकशी करायच्या. सगळे म्हणाले, डाकेल (डॅशंडचं जर्मन नाव) असाच असतो, हट्टी. जर्मन लोकांना या गोष्टीचा एक प्रकारचा अभिमानच आहे. मला मात्र हा हट्ट कुठून आला हे समजून घ्यायचं होतं, आणि ते मला या कोर्सवर समजलं. म्हणून आधी थोडं या जातीविषयी लिहिते. त्याशिवाय कोर्सची किंमत कळणार नाही.

हे कुत्रं बॅजरच्या शिकारीसाठी घडवलं गेलं. बॅजर म्हणजे जमिनीत लांबच लांब बिळं करून राहणारा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा दणकट प्राणी. वजन दहा-बारा किलो सहज, पंजे मजबूत, आणि कोपऱ्यात सापडला की माघार घेणारा नव्हे. त्याला बिळात गाठायचं तर कुत्रं बुटकं हवं, छाती भरीव हवी आणि धाडस अंगापेक्षा मोठं हवं. मध्य युरोपात ‘ब्राकं’ नावाची, भुंकत माग काढणारी शिकारी कुत्री फार जुन्या काळापासून होती. त्यांच्यातलीच आखूड पायांची कुत्री निवडून निवडून ही जात उभी राहिली. राठ केसांच्या प्रकारात पुढे श्नाउत्सर आणि डँडी डिनमाँट टेरिअर या कुत्र्यांच्या जातींचं रक्त मिसळलं, असं जाणकार सांगतात. बंड्याची दाढी तिथूनच आलेली. जातीचं पहिलं मानक १८७९ मध्ये लिहिलं गेलं आणि १८८८ मध्ये जर्मन टेकेल (हेही डॅशंडचंच नाव) क्लबची स्थापना झाली. डॅशंडच्या पैदाशीला वाहिलेल्या जर्मनीतल्या संस्थांमध्ये हीच सगळ्यांत जुनी.

इथे डॅशंडचा आकार छातीच्या घेरावर ठरवतात, वजनावर नाही, ही गोष्ट मला फार आवडली. बिळात जाणाऱ्या कुत्र्याचं माप घ्यायचं तर ते छातीचंच घ्यायला हवं, नाही का? मोठा, छोटा आणि सगळ्यांत लहान तो ‘कानिन्शेन’, म्हणजे सशाच्या बिळात मावणारा. असे तीन आकार, आणि प्रत्येक आकारात केसांचे तीन प्रकार : आखूड, लांब आणि राठ. मोठ्या आकाराच्या नराची छाती साधारण ३७ ते ४७ सेंटिमीटर. आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या छातीला टेप लावली. शरीराची लांबी उंचीच्या पावणेदोन पट आणि पोटाखालची मोकळी जागा उंचीच्या साधारण एक तृतीयांश असावी, असं मानक सांगतं. म्हणजे पोट जमिनीला घासत चालणारा डॅशंड ‘गोंडस’ नसतो, त्याच्या पैदाशीत काहीतरी बिनसलेलं असतं.

आता हट्टाबद्दल. बिळात शिरलेल्या कुत्र्याला मालक दिसत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही आणि मदतीला कुणी येऊ शकत नाही. पुढे सरकायचं, थांबायचं की मागे फिरायचं, हे अंधारात त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. दरवेळी मालकाच्या तोंडाकडे पाहणारं कुत्रं तिथे काय कामाचं? भुंकण्याचंही तेच. वर फावडी घेऊन उभ्या असलेल्या माणसांना खणायचं कुठे हे कळावं म्हणून जमिनीतून वरपर्यंत पोचणारा आवाज असलेली कुत्री जपली गेली. जिन्यातून सगळ्या मजल्यांवर पोचणारा बंड्याचा आवाज हा त्या निवडीचा वारसा आहे. हे कळल्यापासून माझा त्याच्यावर राग निघेनासा झाला.

या जातीच्या नशिबी मानही आला आणि रागही. व्हिक्टोरिया राणीला ही कुत्री अतिशय प्रिय होती. जर्मन सम्राट कैसर दुसऱ्या विल्हेल्मनेही ती पाळली. पण पहिल्या महायुद्धात जर्मनीची ओळख म्हणून ब्रिटन-अमेरिकेत लोकांनी याच कुत्र्यांवर राग काढला. पुढे १९७२ च्या म्यूनिक ऑलिम्पिकचा अधिकृत शुभंकर ठरला ‘वाल्डी’ नावाचा रंगीबेरंगी पट्ट्यांचा डॅशंड. तो डिझायनर ओट्ल आयशर यांच्या कल्पनेतून उतरला आणि त्या वेळच्या मॅरेथॉनचा मार्गसुद्धा नकाशावर डॅशंडच्या आकाराचा आखला होता. म्यूनिक आमच्यापासून तासाभरावर. तिथल्या जुन्या बाजारात अजून लाकडी वाल्डी विकायला दिसतात.

तर कोर्स. बॅजरच्या बिळात कुणी कुत्रं सोडत नाही. शिकवतात ते जखमी जनावराचा माग काढायला. जर्मनीत दरवर्षी अडीच लाखांहून जास्त गाड्या रानटी जनावरांना धडकतात, बहुतेक वेळा छोट्या रो हरणांना. धडक बसलेलं हरीण पुष्कळदा तसंच जंगलात पळून जातं. त्याला शोधून यातनांतून सोडवणं हे त्या भागातल्या शिकाऱ्याचं कायदेशीर कर्तव्य असतं. त्यासाठी जमिनीलगत नाक ठेवून, घाई न करता, जुन्या वासावर चालणारं कुत्रं लागतं. डॅशंड हे काम उत्तम करतो. पाय आखूड असल्यामुळे त्याचं नाक आपोआपच जमिनीजवळ असतं आणि त्याच्या वेगाने माणसाला मागे चालता येतं.

सरावाचा माग बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी घालतात. वनाधिकाऱ्यांकडे खास जोडे आहेत. त्यांच्या तळाला हरणाचे खरे खूर बसवलेले असतात. ते घालून ते जंगलात चालत जातात आणि काठीला बांधलेल्या स्पंजने काही पावलांवर रक्ताचा ठिपका देतात. रक्त शिकारीतल्याच जनावराचं, गोठवून ठेवलेलं. शेवटी हरणाच्या कातड्याचा तुकडा झुडपात लपवतात. नव्या कुत्र्यांना शंभर-दीडशे मीटरचा, दोन तासांचा शिळा माग देतात आणि हळूहळू लांबी आणि वेळ वाढवत नेतात. माग काढण्याच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी माग हजार मीटरचा, किमान वीस तास शिळा, आणि अख्ख्या मागाला रक्त फक्त पाव लिटर.

एक फेरी सविस्तर सांगते. जुलै, रात्री पाऊस पडून गेलेला, हवा थंड. माग साधारण चारशे मीटरचा. रोजचा पट्टा काढून बंड्याच्या गळ्यात रुंद चामडी पट्टा घातला. हा पट्टा फक्त याच कामाला वापरायचा असा नियम आहे, आणि तो किती शहाणपणाचा आहे हे कुत्र्याकडे पाहून कळतं. पट्टा गळ्यात पडला की बंड्याचं उड्या मारणं थांबतं. दहा मीटरची नारिंगी दोरी. सुरुवातीच्या जागी चार केस आणि रक्ताचा डाग. त्याने तिथे चांगलं मिनिटभर हुंगलं, ओठ हलवले आणि निघाला. नाक पानांत, शेपूट पाठीच्या रेषेत. मधेच थांबून एका पानाकडे नाक रोखून उभा राहिला. वाकून पाहिलं तर बोटाच्या पेराएवढा वाळलेला डाग. असं थांबून दाखवणं त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दीडशे मीटरवर माग काटकोनात वळला होता. तो आम्हांला माहीत नव्हता, फक्त वनाधिकाऱ्यांना. बंड्या सरळ पुढे गेला, वीसेक पावलांवर त्याचं डोकं वर आलं, दोरी ढिली पडली. अशा वेळी माणसाने जागेवर उभं राहायचं, दोरी खेचायची नाही आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हीच या कोर्सची मुख्य शिकवण. तो मागे आला, डावीकडे मोठं वर्तुळ घेतलं, मग उजवीकडे. उजवीकडच्या वर्तुळात एका जागी शेपटीचं टोक थरथरलं आणि दोरी परत ताणली गेली. पुढे एक ताजं हरीण आडवं गेलेलं असणार, कारण तिथे तो कण्हला, दोन पावलं त्या बाजूला गेला, उभा राहिला आणि आपणहून जुन्या वासावर परतला. ताजा वास सोडून शिळा धरणं! माझ्या अंगावर काटा आला. मागे वनाधिकारी हळूच म्हणाले, “झकास.” ते बोलतात एवढंच.

कातडं सापडल्यावर बंड्याने ते दाताखाली धरून झटकलं, गुरगुरला, आणि मग माझ्या पायाशी आणून ठेवलं. शिकाऱ्यांच्या रीतीप्रमाणे त्याच्या पट्ट्यात स्प्रूसची डहाळी खोचली. घरी आल्यावर तो जेवला आणि दुपार उलटेपर्यंत झोपला. जिन्यात पावलं वाजली, तेव्हा त्याने एक डोळा उघडून परत मिटला. दोन तास चेंडू फेकून जे होत नाही ते अर्ध्या तासाच्या नाकाच्या कामाने होतं.

दवाखान्यातल्या बाईंसाठी या कोर्सला मी वेगळे गुण देईन. डॅशंडचे पाय ज्या जनुकीय बदलामुळे आखूड आहेत, त्याच्याशी नातं असलेला आणखी एक बदल मणक्याच्या चकत्या लवकर कडक करतो. २०१७ मध्ये तो संशोधकांनी नेमका शोधून दाखवला. दर चार-पाच डॅशंडांत एकाला आयुष्यात केव्हातरी चकती सरकण्याचा त्रास होतो आणि काही वेळा मागचे पाय लुळे पडतात. म्हणून बाई प्रत्येक वेळी कुत्र्यांच्या बरगड्यांवरून हात फिरवतात. बरगड्या बोटांना लागल्या नाहीत तर खाणं कमी करायला सांगतात, मालकाला कितीही वाईट वाटो. गाडीतून उडी मारू द्यायची नाही. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ आडवी. मोठं ओंडकं आडवं आलं तर कुत्र्याला त्यावरून उचलून न्यायचं. २०२४ मध्ये जर्मनीत प्राणिसंरक्षण कायद्याच्या मसुद्यावरून डॅशंडवर बंदी येणार अशी ओरड झाली. बंदी घालायची नाही, असं मंत्रालयाने सांगितलं. पण त्या निमित्ताने कोर्समध्ये चांगली चर्चा झाली, आणि पाय अजून आखूड, पाठ अजून लांब करत नेणाऱ्या पैदाशीला तिथल्या जुन्या शिकाऱ्यांचाच सगळ्यांत जास्त विरोध आहे हे ऐकून मला बरं वाटलं.

उणिवाही आहेत. शिकवणं पूर्ण जर्मनमध्ये, त्यातही स्थानिक बोलीत. माझं जर्मन कामापुरतं चांगलं आहे, तरी पहिले दोन-तीन शनिवार नवऱ्याकडे बघून अंदाज बांधावा लागला. शिकारीच्या शब्दांची छापील यादी देणं गटाला अवघड नाही आणि द्यायला हवी. दुसरं, एका वेळी एकच कुत्रं मागावर जातं, त्यामुळे उरलेले पाच गाड्यांपाशी ताटकळतात. या वेळात काहीतरी शिकवता येईल. जवळपास शौचालय नाही, बायकांची अडचण होते.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने मोठी. हाच गट शरद ऋतूत कुत्र्यांना कृत्रिम बिळात कोल्ह्यासमोर नेण्याचा सरावही घेतो. मधे सरकदार फळी असते, दोघांची गाठ पडू देत नाहीत, नियम कडक आहेत, हे सगळं मला समजावून सांगितलं गेलं. तरी पिंजऱ्यातल्या कोल्ह्याने त्यासाठी भीती का सोसावी, हे मला पटलेलं नाही. आम्ही तिथे जात नाही आणि तसं गटाला सांगितलंय. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

भारतातल्या डॅशंडवाल्यांसाठी हे सगळं मी लिहितेय, कारण पुण्या-मुंबईत आखूड केसांचा काळा-तांबूस डॅशंड किती घरांत आहे हे मला माहीत आहे. साताऱ्यात आमच्या गल्लीतही एक होता. दूध-पोळी आणि ग्लुकोजची बिस्किटं खाऊन त्याची पाठ टेबलासारखी सपाट झालेली. दिवसभर गुळगुळीत फरशीवर आणि सोफ्यावरून उड्या. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार नाही, आणि हरणाचं रक्त लागतही नाही. चिकन उकडा, एक तुकडा जुन्या मोज्यात घाला आणि सकाळी गर्दी नसताना सोसायटीच्या बागेत वीस पावलं ओढत न्या. शेवटी तो तुकडा ठेवा. पंधरा मिनिटं थांबा आणि मग कुत्र्याला लांब दोरीवर आणा. पुढच्या वेळी एक वळण घाला. बोलायचं नाही, खेचायचं नाही. उन्हाळ्यात पहाटेच करा, कोरड्या तापलेल्या मातीत वास टिकत नाही. तुकडा मिळाल्यावर तेवढं खाणं रोजच्या वाटीतून कमी करा. माझ्या बहिणीने पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर तिच्या आठ वर्षांच्या ‘राणी’बरोबर हे सुरू केलंय आणि राणी आता दारात पट्टा पाहूनच कण्हायला लागते.

कुत्रं अजून घ्यायचं असेल, तर इथे आधी एक-दोन शनिवार नुसतं बघायला येऊ देतात. त्याचे पैसे घेत नाहीत. जरूर जा. मागावरचा डॅशंड बघून ज्यांना वाटेल की आपल्याला एवढं स्वतःच्या डोक्याने चालणारं कुत्रं झेपणार नाही, त्यांनी दुसरी जात पाहावी.

नोंदणी फेब्रुवारीत ईमेलने होते आणि आठवड्याभरात यादी भरते. रेबीजच्या लसीची नोंद असलेला पासपोर्ट आणि कुत्र्याच्या विम्याचा कागद पहिल्या दिवशी बघतात. घोट्याच्या वर येणारे जोडे, फुलपँट आणि गोचिडी काढायचा चिमटा लागतोच, कारण मे-जूनमध्ये त्या जंगलातून घरी गोचीड न आणता कुणी परतत नाही. लांब दोरी आणि रुंद पट्टा सुरुवातीला गटाकडून मिळतो, लगेच विकत घेऊ नका. मादी माजावर असेल तर आदल्या दिवशी कळवा. तिला घरी बसवत नाहीत, फक्त तिचा माग सगळ्यांत शेवटी ठेवतात.